दोन जणींची खुर्ची

सुलेखाला बसायला जागा हवी म्हणून राधिकाने पुढच्या सीटवरची खाण्याची पिशवी मुद्दाम उचलून मागे ठेवली होती. ॲन आर्बरला सुलेखाच्या दारात गाडी थांबली तेव्हा नुकतं उजाडत होतं. सुलेखा स्की खांद्यावर टाकून जिना उतरली, आणि तिच्या मागोमाग प्रीता.

"मी मागेच बसते गं," सुलेखा म्हणाली. "हिला वळायचं कसं त्याचे व्हिडिओ दाखवायचेत. एवढा लांबचा रस्ता आहे, तेवढंच काम होईल."

पिशवी परत पुढे आली. उत्तरेकडे नेणारा मॅकिनॉचा पूल येईपर्यंत राधिकाच्या शेजारी नागपुरी, कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचा डबा बसून राहिला, आणि मागच्या सीटवर दोघी एकाच फोनवर डोकं लावून हसत राहिल्या. आरशात राधिकाला दोघींच्या लोकरी टोप्यांचे गोंडे तेवढे दिसत होते. आपण टॅक्सी चालवतोय असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचा रागही आला.

या फेब्रुवारीतल्या सहलीची सुरुवात राधिकाची. ती मूळची नागपूरची, आता ॲन आर्बरजवळच्या नोव्हायला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. ऑफिसच्या लोकांबरोबर ती स्की करायला शिकली आणि त्या वेडाने तिला धरलं. मग तिला तो पास सापडला. मोठ्या, नावाजलेल्या डोंगरांचा नव्हे. आडगावातल्या, एखाद्या कुटुंबाने किंवा गावाने चालवलेल्या छोट्या टेकड्यांचा. एकच पास, आणि तो प्रत्येक टेकडीवर दोन दिवसांपर्यंत चालायचा. एका टेकडीवरून दुसरीकडे जायचं, मध्ये मोटेलमध्ये झोपायचं, पुन्हा निघायचं. नवऱ्याला, विनयला, थंडीचा तिटकारा. तो घरी मुलीला सांभाळायचा आणि म्हणायचा, "तू जा. मला फोटो पाठव. नाही पाठवलेस तरी चालेल."

सुलेखाचा घटस्फोट झाला त्या हिवाळ्यात राधिका तिला जवळजवळ ओढूनच घेऊन गेली होती. तेव्हा सुलेखा जेवत नव्हती, फोन उचलत नव्हती. राधिकाने तिला भाड्याचे बूट चढवले, बर्फावर उभं केलं आणि सांगितलं, "स्कीची पुढची टोकं जवळ, मागच्या टाचा लांब. समोसा कर. थांबायचं असेल तर मोठा समोसा." सुलेखा दिवसभर पडली, रडली, आणि संध्याकाळी कित्येक आठवड्यांनी पोटभर जेवली. तेव्हापासून दर फेब्रुवारीत दोघीच. नवरा नाही, मुलं नाहीत, ऑफिस नाही. वर्षभर राधिका या तीन दिवसांच्या आशेवर असायची, हे ती कोणाला सांगत नसे इतकंच.

प्रीता पाच-सहा महिन्यांपूर्वी टेक्सासमधून, अर्विंगहून आली होती आणि सुलेखाच्याच टीममध्ये नोकरीला लागली होती. ठाण्याची मुलगी, तिशी नुकतीच ओलांडलेली, ओळखीचं कोणी नाही. "एकटी पडली आहे गं, घेऊ या ना," असं सुलेखा फोनवर म्हणाली तेव्हा राधिका "घे की" म्हणाली होती. नाही कसं म्हणणार?

पहिल्या टेकडीवर पोचल्यावर प्रीताने स्वतःच्या स्की काढल्या. भाड्याच्या नव्हे, स्वतःच्या.

"तू शिकलीस कधी?" राधिकाने विचारलं.

"जानेवारीत आम्ही तीनदा गेलो ना, राधिकाताई. तिकडेच, घराजवळच्या टेकडीवर. सुलेखाने नाही सांगितलं तुम्हाला?"

सुलेखाने नव्हतं सांगितलं. सुलेखा बुटाचे पट्टे आवळण्यात गुंतली होती. आणि ते 'ताई' आणि 'तुम्ही' राधिकाला खड्यासारखं टोचलं. सुलेखा तिच्यापेक्षा जेमतेम वर्षभराने लहान. पण सुलेखा नुसती सुलेखा, अगं-तुगंतली. राधिका मात्र ताई. आदराने बाजूला काढून ठेवलेली.

त्या टेकडीवरची लिफ्ट जुनी होती. लोखंडी दोरीला टांगलेल्या लाकडी फळ्यांच्या खुर्च्या, आणि एका खुर्चीत दोघंच मावायची. मोठ्या डोंगरांवर सहा-सहा जण एकत्र बसतात, इथे दोन. दोघींच्या सहलीत राधिकाला ही लिफ्ट किती आवडायची! वर जाताना झाडांच्या शेंड्यांमधून, कोणी ऐकत नाही अशा ठिकाणी, दोघींच्या कितीतरी गोष्टी झाल्या होत्या. सुलेखाने आपल्या लग्नातली खरी गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती अशाच एका खुर्चीत.

आता त्या तिघी होत्या.

"प्रीता एकटी चढायला घाबरते, मी बसते तिच्याबरोबर," सुलेखा पहिल्या वेळी म्हणाली. दुसऱ्या वेळी काही म्हणालीच नाही, तशीच बसली. राधिका मागच्या खुर्चीत एकटी, कधी एखाद्या अनोळखी म्हाताऱ्याबरोबर, हवेविषयी बोलत वर जायची. पुढच्या खुर्चीतून हसण्याचा आवाज येई. वाऱ्याने शब्द पोचत नसत, फक्त हसणं पोचायचं.

खाली उतरताना सुलेखा ओरडत होती, "समोसा कर, प्रीता. मोठा समोसा." आणि प्रीता वळत होती, छान वळत होती. लहानपणी ती चाकांच्या बुटांवर स्पर्धा खेळलेली होती म्हणे. उन्हं उतरेपर्यंत ती सुलेखाच्या बरोबरीने उतरायला लागली. सुलेखाचा चेहरा असा फुलला होता, जणू तिनेच तिला जन्म दिला. राधिका दोघींच्या पुढून, झाडांच्या कडेच्या अवघड उतारावरून सर्रकन उतरली, खाली थांबली, वळून पाहिलं. कोणाचंच लक्ष नव्हतं.

संध्याकाळी मोटेलवर तिने डबा उघडला. सांबारवडी ही दर वर्षीची ठरलेली. आदल्या दिवशी निम्मा दिवस ओट्याशी उभं राहून कोथिंबीर निवडायची, सारण भरायचं, तळायचं. पहिली वडी सुलेखा उभ्यानेच खायची.

"अय्या, प्रीताला पिझ्झा हवाय गं," सुलेखा जॅकेट चढवत म्हणाली. "समोरच आहे. येतेस? वड्या काय, उद्या गाडीत खाऊ."

"तुम्ही जा. माझी पाठ धरली आहे," राधिका म्हणाली. दोघी गेल्या. तिने मायक्रोवेव्हमध्ये चार वड्या गरम केल्या आणि टीव्ही लावून एकटीनेच खाल्ल्या. नरम पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीची टेकडी सुपीरियर सरोवराच्या काठाजवळ, चांगली उंच होती. रात्री वारं वाहून वरचा बर्फ उडाला होता आणि जागोजागी काचेसारखा गुळगुळीत थर उघडा पडला होता. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर सुलेखाच्या बुटाचा पट्टा तुटला. ती दुरुस्तीच्या खोलीकडे वळत म्हणाली, "तुम्ही दोघी जा एक फेरी. मी आलेच."

अशा रीतीने राधिका आणि प्रीता पहिल्यांदा एका खुर्चीत बसल्या.

प्रीता बोलत होती. अर्विंगला रविवार कसा दुकानात आणि भात लावण्यात जायचा, इथे आल्यावर पहिल्या महिन्यात ऑफिस सोडून कोणाशी शब्द बोलली नाही, मग सुलेखा भेटली. "सुलेखा म्हणते, आपण रोज एक गोष्ट तरी अशी करायची की आपल्यालाच हसू यावं. तिच्यासारखी मोकळी बाई मी पाहिली नाही, खरंच."

मोकळी! राधिकाने ज्या सुलेखाला चमच्याने वरणभात भरवला होता, ती ही मोकळी बाई नव्हती. ही कोण होती? आणि ही प्रीताच्याच वाट्याला का आली?

वर खुर्चीतून उतरल्यावर समोर दोन पाट्या. डावीकडे हिरवा गोल, म्हणजे सोपा, रुंद रस्ता. उजवीकडे काळा चौकोन, म्हणजे अवघड, उभा उतार. प्रीता आपसूक डावीकडे वळली.

"इकडून चल," राधिका म्हणाली.

प्रीता थांबली. "मला जमेल?"

"न जमायला काय झालं? सुलेखाला तर केव्हाच जमतो हा." सुलेखाला काळ्या चौकोनावर जायला दोन हिवाळे लागले होते, हे तिने सांगितलं नाही. प्रीताने एकदा तिच्याकडे पाहिलं, गॉगल खाली ओढला आणि म्हणाली, "चला."

प्रीताचा हात मोडावा असं राधिकाच्या मनात नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की हिने वरच्या कड्याशी थिजावं, बसून घसरत, रडवेल्या तोंडाने खाली यावं, आणि ते सुलेखाने पाहावं. मोडला तर काय, हा विचार मात्र तिने केला नाही.

ती आधी उतरली. चार सफाईदार वळणं घेऊन मध्यावर थांबली आणि वर पाहिलं. प्रीता कड्यावर उभी होती, लहानशी, लाल जॅकेटमधली. मग निघाली. समोसा करत होती बिचारी, पण अशा उतारावर समोशाने काही होत नाही. वेग वाढला. तिने वळायचा प्रयत्न केला, तोच पायाखाली तो काचेचा थर आला, दोन्ही पाय एकदम निघाले आणि ती आडवी होऊन घसरत आली. एक स्की वरच राहिली, दुसरी झाडांत गेली.

ती पडली त्या क्षणी राधिकाला बरं वाटलं. अगदी क्षणभरच, पण वाटलं. पुढे कित्येक दिवस तिला प्रीताच्या पडण्यापेक्षा आपलं ते बरं वाटणंच जास्त आठवत राहिलं.

प्रीता उठली नाही.

राधिकाने स्की काढल्या आणि त्या जड बुटांनी, टाचा रोवत, धापा टाकत वर चढली. प्रीताचा चेहरा पांढरा पडला होता. डावा हात तिने पोटाशी धरला होता आणि मनगट भलत्याच कोनात वळलं होतं. ती ओरडत नव्हती. "सॉरी हं, राधिकाताई," ती म्हणाली. "तुमची फेरी वाया गेली."

मदतीची माणसं आली, तिला घसरगाडीवर बांधून खाली नेलं. गावातल्या छोट्या दवाखान्यात एक्स-रे निघाला. मनगटाचं हाड मोडलं होतं. ऑपरेशनची गरज नव्हती, पण कित्येक आठवडे हात बांधलेला राहणार होता.

आत पट्टी बांधत होते तेव्हा बाहेरच्या बाकावर राधिका आणि सुलेखा बसल्या होत्या. दिवसभरात, नाही, दोन दिवसांत दोघी पहिल्यांदाच एकट्या.

"तिनेच हट्ट केला म्हणे काळ्या चौकोनाचा," सुलेखा म्हणाली. "मला सांगत होती. वेडी आहे."

राधिकाला गप्प राहता आलं असतं. प्रीताने दार उघडून दिलं होतं, नुसतं बाहेर पडायचं होतं. पण त्या पोरीचा चांगुलपणा तिला सोसवेना. सगळं तर घेतलंच होतं तिने, आता आपल्यावर उपकारही?

"खोटं आहे ते," ती म्हणाली. "मी नेलं तिला. तुला तो केव्हाच जमतो असंही सांगितलं."

सुलेखाने मान वळवली. "का?"

"ती पडावी म्हणून."

समोरच्या भिंतीवर कोणा मुलांनी काढलेली हरणांची चित्रं होती. सुलेखाने नजर तिकडे वळवली.

"तू काय बोलून राहिलीस, कळतंय का तुला?" ती म्हणाली. नागपुरी तिची नव्हती, राधिकाची होती. इतक्या वर्षांत तिच्या जिभेवर बसलेली.

"कळतंय. जानेवारीत तीनदा गेलात तुम्ही. मला एकदाही सांगितलं नाहीस. गाडीत मागे बसलीस. दोन दिवस मी अनोळखी म्हाताऱ्यांशी हवेवर गप्पा मारल्या. तुला कोणी उभं केलं होतं, सुलेखा?"

"तूच," सुलेखा शांतपणे म्हणाली. "ते मी कधी नाही म्हटलंय? तू नसतीस तर माझं काय झालं असतं, मला विचारही करवत नाही. पण तुझ्यासोबत असले की मी कायम त्याच वर्षात असते. तू अजूनही माझ्या ताटाकडे बघतेस, जेवते की नाही. मी जरा गप्प बसले की तुझा चेहरा काळजीचा होतो. प्रीताला ती रडकी सुलेखा माहीतच नाही. तिच्यासमोर मी नुसती मजा करणारी बाई असते. मला ती फार आवडते."

"प्रीता?"

"नाही गं. ती बाई."

 हे काही प्रीताने हिरावून नेलेलं नव्हतं, की परत मागता येईल. ज्या गोष्टीचा तिला इतकी वर्षं अभिमान वाटला, तीच सुलेखाला जड झाली होती.

"मला तुझा राग आलाय," सुलेखा उठत म्हणाली. "लवकर जाणार नाही. तिला खरं तू सांगायचंस, मी नाही."

तिसऱ्या दिवशी परतच्या वाटेवर आणखी एक टेकडी होती. राधिकाने सरळ घरी जायचं सुचवलं, पण प्रीता ऐकेना. "माझ्या हातामुळे सुलेखाचा दिवस का घालवायचा? मी आत बसेन." म्हणून सुलेखा एकटी वर गेली, आणि टेकडीच्या पायथ्याच्या लाकडी हॉलमध्ये, शेकोटीजवळ, राधिका आणि प्रीता समोरासमोर बसल्या.

राधिकाने दोन पेस्टी आणल्या. या भागात खाणीत काम करणारे लोक डब्यात न्यायचे तो पदार्थ, दिसायला थेट तळव्याएवढी करंजी, आत बटाटा आणि मांस. प्रीताला एका हाताने तोडता येईना. राधिकाने तिची ताटली ओढली आणि सुरीने तुकडे केले.

"प्रीता, तो उतार तुला झेपणारा नव्हता," ताटली परत सरकवत ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. तरी नेलं."

"मलाही ठाऊक होतं."

राधिकाने वर पाहिलं.

"पाटी होती की तिथे. काळा चौकोन म्हणजे काय, ते सुलेखाने मला पहिल्याच दिवशी शिकवलंय." प्रीता काट्याने बटाटा टोचत होती. "तुम्हाला मी आलेले आवडलं नव्हतं, ते गाडीतच कळलं. दोन दिवस तुम्ही माझ्याशी नीट बोलला नाहीत. मग एकदम 'चल' म्हणालात. मला वाटलं, हे उतरून दाखवलं तर घेतील आपल्यात. मूर्खपणाच."

"मूर्खपणा तुझा नाही," राधिका म्हणाली. "मला माफ कर." तिला हे वाक्य इतकं अवघड जाईल असं वाटलं नव्हतं.

प्रीताने लगेच मान हलवली नाही, की असू द्या म्हटलं नाही. तिने काटा खाली ठेवला. "हात फार दुखतोय," ती म्हणाली. "आज मी माफ-बिफ करू शकत नाही, राधिकाताई. नंतर बघू."

"बरं," राधिका म्हणाली, आणि तिला प्रीता पहिल्यांदा जराशी आवडली.

दार उघडून सुलेखा आत आली, गाल लाल, टोपीवर बर्फ. तिची नजर आधी प्रीताच्या हाताकडे गेली, मग चेहऱ्याकडे, आणि मग राधिकाकडे. राधिकाने तो क्रम टिपलाच. कळ आलीच. पण ती बाकावर सरकली आणि सुलेखाला शेकोटीकडची जागा दिली.

राधिका घरी पोचली तेव्हा तिची मुलगी रुही सोफ्यावर पाय पसरून अभ्यास करत होती. "वॉज इट फन, मॉम?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही. भांडण झालं."

रुहीने वही मिटली. "विथ सुलेखामावशी? हू स्टार्टेड इट?"

"मी."

"ओह," रुही म्हणाली आणि आईकडे नव्याने पाहिल्यासारखी पाहत राहिली.

चार दिवसांनी सुलेखाचा फोटो आला, मजकूर काही नाही. प्रीता आता तिच्याकडेच राहायला आली होती. एका हाताने ना स्वयंपाक जमत होता, ना अंघोळ, ना केस बांधणं. फोटोत प्रीता खुर्चीत बसली होती आणि सुलेखा मागे उभी राहून तिची वेणी घालत होती. फोटो बहुधा प्रीतानेच धड हाताने समोरच्या आरशात काढलेला. दोघी हसत होत्या.

राधिका ओट्याशी उभी राहून तो फोटो बघत राहिली. त्या दोघींना एका घरात आणलं होतं ते तिनेच. हाड जुळेपर्यंत रोज सकाळी ही वेणी घातली जाणार, रोज संध्याकाळी दोघी एका टेबलावर जेवणार. टेकडीवर वाटला होता तसाच मत्सर तिला पुन्हा वाटला. तो कमी झाला नव्हता. शहाणपण आल्याने तो कमी होतो असं तिला वाटलं होतं.

तिने फोन उलटा ठेवला. भाजी चिरली. पुन्हा फोन उचलला, आणि सुलेखाला नाही, प्रीताला लिहिलं: "शनिवारी येते. तुला चमच्याने खाता येईल असं काय करून आणू?"

उत्तर यायला बराच वेळ लागला. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, विनय येऊन हात-पाय धुऊन बसला, तेव्हा आलं.

"खिचडी. आणि कढी, पण गोड नको."

राधिकाने पिशवीभर मुगाची डाळ काढून निवडायला घेतली. शनिवारला अजून तीन दिवस होते.